ऑफस्टेड आणि प्रौढ शिक्षणाचा अभ्यासक्रम: या चुका टाळा

इंग्लंडमधील फर्दर एज्युकेशन (शाळेनंतरचे, विद्यापीठाबाहेरचे शिक्षण) महाविद्यालये, कौन्सिलची प्रौढ शिक्षण केंद्रे आणि अ‍ॅप्रेंटिसशिप देणाऱ्या संस्था यांच्या अभ्यासक्रमाचा दर्जा ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेचे निरीक्षक तपासतात. प्रौढ शिक्षणासाठीचे स्वतंत्र अ‍ॅडल्ट लर्निंग इन्स्पेक्टरेट एप्रिल २००७ मध्ये ऑफस्टेडमध्ये विलीन झाले. सप्टेंबर २०१९ च्या आराखड्याने अभ्यासक्रमाला तपासणीच्या केंद्रस्थानी आणले आणि नोव्हेंबर २०२५ पासून एकशब्दी शेरा जाऊन पाच श्रेणींचे अहवालपत्र आले. एवढे सगळे बदलले, तरी केंद्रांच्या चुका जिथल्या तिथेच आहेत. इकडे ईसॉल (इतर भाषकांसाठीचे इंग्रजी), गणित किंवा हिशेबलेखन शिकवणाऱ्या आणि केंद्रांचे समन्वयक म्हणून काम करणाऱ्या मराठी वाचकांनी निदान पुढच्या चुका तरी करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

परीक्षेच्या पुस्तिकेलाच अभ्यासक्रम समजणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक आहे. अवॉर्डिंग बॉडी, म्हणजे परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था, आपल्या पुस्तिकेत काय तपासले जाईल ते सांगते. कोणत्या विद्यार्थ्यांना, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी शिकवायचे, हे ती सांगत नाही आणि ते तिचे कामही नव्हे. निरीक्षकाला नेमके हेच जाणून घ्यायचे असते. त्याचा आवडता प्रश्न अगदी साधा असतो: हा घटक आत्ताच का शिकवता, आधी किंवा नंतर का नाही?

मिडलंड्समधील एका केंद्रात हिशेबलेखनाच्या पायाभूत वर्गाची तपासणी झाली, तेव्हा मी शेजारच्याच वर्गात शिकवत होते आणि दिवसाअखेरच्या आमच्या बैठकीलाही हजर होते. वर्गात रोजकीर्द, खतावणी, तेरीज अशा क्रमाने महिनोन्महिने कागदावरची उदाहरणे सोडवून घेतली जात आणि संगणकावरचे काम अगदी शेवटी, परीक्षेच्या तोंडावर येत असे. वर्गातले बहुतेक जण छोट्या दुकानांत आणि कचेऱ्यांत नोकरी शोधणारे होते आणि तिथे पहिल्या दिवसापासून संगणकावरच नोंदी कराव्या लागतात. निरीक्षक बाईंनी या क्रमामागचे कारण विचारले. शिक्षक म्हणाले, पुस्तिकेत घटक याच क्रमाने दिले आहेत. मग बाई एका विद्यार्थिनीकडे वळल्या आणि सप्टेंबरमध्ये येत नव्हते असे आता काय येते, असे त्यांनी विचारले. त्या विद्यार्थिनीने घरच्या दुकानाचे हिशेब अनेक वर्षे सांभाळले होते. तिने प्रामाणिकपणे सांगितले की अजून तरी नवीन काही नाही, पण सर फार छान आहेत. व्यवस्थापकांनी लगबगीने रंगीत विभाजकांची जाडजूड फाइल पुढे केली. बाईंनी ती न उघडताच बाजूला ठेवली आणि तीन विद्यार्थ्यांच्या वह्या मागितल्या. तिन्ही वह्यांत तीच गणिते होती, तीच दुरुस्ती होती आणि तोच ‘छान’ असा शेरा होता.

शिक्षक चांगले होते, विषयही त्यांना उत्तम येत होता. क्रमाचा विचार मात्र कुणीच केलेला नव्हता, आणि तो आदल्या रात्री करता येत नाही. वर्षाच्या नियोजनात प्रत्येक घटकापुढे दोन गोष्टी लिहायच्या, ही माझी स्वतःची सवय आहे: हा घटक इथे का आहे, आणि तो वगळला तर पुढचे काय अडेल. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तो घटक बहुधा चुकीच्या जागी असतो. यासाठी नमुना मागणाऱ्या नव्या समन्वयकांना मी तो देत नाही, कारण दिलेला नमुना दुसऱ्याच आठवड्यात जसाच्या तसा भरून परत येतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या किंवा संगणकाकडून लिहून घेतलेल्या तयार नियोजनाचीही गत तीच होते: वाचायला ते निर्दोष असते, पण त्याबद्दल पहिला प्रश्न विचारला की शिकवणाऱ्याची नजर जमिनीकडे जाते.

प्रवेशाच्या वेळची चाचणी घेऊन ती कपाटात ठेवणे

प्रौढांच्या वर्गात प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतो, आणि ते ठिकाण ठाऊक असल्याशिवाय प्रगती झाली की नाही, हे सांगताच येत नाही. ईसॉलचा एन्ट्री १ चा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचा, वर्ग घ्या. मराठीतून पदवी घेतलेली, देवनागरी सहज वाचणारी, फक्त रोमन लिपीत आणि इंग्रजी बोलण्यात अडखळणारी बाई आणि कोणत्याही लिपीत कधीच न लिहिलेला माणूस, हे दोघे कागदोपत्री एकाच पातळीवर बसतात. पहिलीला व्याकरणाच्या संज्ञा ठाऊक असतात, शब्दकोश पाहता येतो, वही कशी ठेवायची हे तिला सांगावे लागत नाही. दुसऱ्याला पेन धरण्यापासून सुरुवात करावी लागते, पण बाजारातले बोलणे कदाचित त्यालाच अधिक जमते. दोघांच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत ‘इंग्रजी सुधारणे’ एवढेच उद्दिष्ट लिहिलेले असेल, तर ती योजना केवळ रकाना भरण्यापुरतीच आहे, हे निरीक्षकाला वर्गात शिरल्यावर लगेच कळते.

ज्या वर्गांना परीक्षाच नसते, तिथे ही चूक आणखी महागात पडते. अशा वर्गांसाठी इकडे ‘रारपा’ नावाची पद्धत रूढ आहे: अभ्यासक्रमाचे हेतू ठरवायचे, आरंभीची स्थिती नोंदवायची, त्यावरून नेमकी उद्दिष्टे आखायची, अधूनमधून प्रगती पाहायची आणि शेवटी काय साध्य झाले ते लिहायचे. पद्धत चांगली आहे. पण सगळे रकाने शेवटच्या आठवड्यात एकाच शाईने भरले, तर तिचा काहीही उपयोग होत नाही. मी उद्दिष्ट विद्यार्थ्याच्या तोंडचे, त्याच्या कामातले लिहून घेते: डॉक्टरांच्या स्वागतकक्षाला फोन करून वेळ ठरवणे, मुलाच्या शाळेचे पत्र वाचून उत्तर लिहिणे. निरीक्षकाने विचारले, तर असे उद्दिष्ट विद्यार्थी स्वतःच सांगू शकतो. त्याला ते पढवावे लागत नाही.

शब्दांची घोकंपट्टी

२०१९ च्या आराखड्यात इंटेंट (हेतू), इम्प्लिमेंटेशन (अंमलबजावणी) आणि इम्पॅक्ट (परिणाम) हे तीन शब्द आले आणि कित्येक केंद्रांनी ते भिंतीवर चिकटवले. २०२५ च्या आराखड्यात अभ्यासक्रम, अध्यापन आणि प्रशिक्षण यांचे मिळून एक मूल्यमापनक्षेत्र झाले आहे आणि यशप्राप्ती वेगळी पाहिली जाते. तरीही पाठ केलेले तीन शब्द अजून ऐकू येतात. आपण काय, का आणि कोणाला शिकवतो, हे साध्या भाषेत सांगता आले, तर आराखड्याच्या शब्दांची गरज भासत नाही.

देखाव्याचा तास

निरीक्षक एकेका तासाला स्वतंत्र श्रेणी देत नाहीत आणि ठरावीक नमुन्यातली पाठटाचणेही मागत नाहीत. तरी तपासणीच्या दिवशी गटचर्चा, रंगीत कार्डे आणि खेळ अचानक अवतरतात आणि विद्यार्थी बावचळतात. रोजचाच तास घ्या.

उत्तीर्णांच्या टक्केवारीमागे लपणे

आकडेवारी निरीक्षकांनी आधीच पाहिलेली असते. मध्येच सोडून गेलेले का गेले आणि उत्तीर्ण झालेले पुढे कुठे गेले, याची उत्तरे तयार ठेवा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना वगळणे

प्रौढ शिक्षणातला मोठा भाग आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी येणारे शिक्षक चालवतात आणि निरीक्षक त्यांच्याशी बोलतातच. बैठका दिवसा घेऊन त्यांना केवळ इतिवृत्त पाठवणाऱ्या व्यवस्थापकाने त्यांच्या उत्तरांबद्दल तक्रार करू नये. उपकंत्राटी संस्थांनाही हाच नियम लागू आहे: वर्ग त्यांनी घेतला, तरी गुणवत्तेची जबाबदारी निधी घेणाऱ्याचीच राहते.

नॉमिनीने सगळ्यांच्या वतीने बोलणे

तपासणीच्या काळात केंद्रातर्फे निरीक्षकांशी समन्वय ठेवणाऱ्या व्यक्तीला नॉमिनी म्हणतात. शिक्षकाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नॉमिनीने दिले की शिक्षकाला उत्तर येत नाही, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. निरीक्षकांच्या गटाच्या बैठकांना बसण्याची मुभा नॉमिनीला असते. तिथे बचावाचे भाषण करू नये, टिपणे काढावीत. एखाद्या विषयाबद्दल निरीक्षकांचे मत अपुऱ्या पुराव्यावर बनत आहे असे दिसले, तर नेमक्या कोणत्या वह्या किंवा कोणते विद्यार्थी पाहिल्यास चित्र पुरे होईल, हे त्याच दिवशी सुचवावे. अहवालाचा मसुदा आल्यावर तपशिलातल्या चुका कळवता येतात. पण न पाहिलेला वर्ग तेव्हा दाखवता येत नाही.