देवगिरी गाडीने करताना: आधी माथा, मग खालचं सगळं

देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, येणारे निम्मे लोक खरा चढ सुरू होण्याआधीच्या चिनी महालापासूनच परत फिरतात. किल्ला अवघड असतो म्हणून नव्हे. दहा-साडेदहाला पोचून तोफा, हत्ती हौद, भारतमाता मंदिर करत खालीच दीड तास घालवतात आणि चढ सुरू होईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. जाताना कुठेही न रेंगाळता माथा गाठायचा आणि खालचं सगळं उतरताना निवांत बघायचं.

किल्ला छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळच्या रस्त्यावर साधारण १५ किलोमीटरवर आहे. मुक्काम शहरात करून पहाटे निघणं उत्तम. वेरूळ जोडून करणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी माळीवाड्याला उतरावं. निघण्याआधी, टायर गार असतानाच हवा तपासा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगात पळताना तापतो आणि फुटतो. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर वरून धड दिसला तरी लांबच्या प्रवासाला नको.

गाडीतून उतरताना माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. मोबाईलच्या उजेडावर विसंबलात तर एक हात अडकतो, आणि अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या बोगद्यात, दोन्ही हात लागतात. खाण्याच्या पिशव्या हातात मिरवू नका, माकडं हिसकावतात.

महाकोटाच्या, म्हणजे बाहेरच्या तटाच्या, दरवाजातून आत शिरलं की वाट सरळ चांदमिनाराकडे जाते. मिनारावर चढू देत नाहीत. पुढे काळाकोट हा आतला तट, मग चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह इथेच कैदेत होता. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिचं तोंड नव्हे, मागची बाजू बघा, मेंढ्याचं डोकं तिथे आहे.

यानंतर खंदक. आता आपण लोखंडी पुलावरून जातो, पण क्षणभर थांबून खाली बघा. जुना दगडी पूल पायऱ्यांनी मध्येच खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. खंदकातलं पाणी वाढवलं की मधला भाग बुडायचा आणि वाट बंद व्हायची.

पूल ओलांडला की अंधारी. कातळात खोदलेला हा वळणावळणाचा बोगदा आहे, आणि पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या ठेवल्या आहेत. शत्रूचा पाय चुकावा हा हेतू. तुमचाही चुकतो, तेव्हा प्रत्येक पायरी चाचपून पुढे व्हा. खाली वटवाघळांची विष्ठा असते, ओली असली की बूट घसरतो. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून निखारे पेटवायची सोय होती, म्हणजे आत शिरलेला धुरानेच गुदमरावा. दमा असेल, कोंडल्यासारखं होत असेल किंवा कडेवर मूल असेल तर बाजूच्या उघड्या पायऱ्यांनी चढा.

त्यापुढे नुसता चढ आहे, सावली तुरळक. वाटेत गणपतीचं देऊळ लागतं, मग बारादरी हा महाल. दम खायचा तर इथे खा. माथ्याजवळ जनार्दनस्वामींची गुहा आहे. संत एकनाथांचे हे गुरू या गडाचे किल्लेदार होते. पायथ्यापासून सातशेच्या वर पायऱ्या होतात. बेताच्या चालीने चढायला दीड तास धरा, सगळं मिळून तीन-साडेतीन. उतरताना गुडघे बोलतात, काठी असेल तर बरं.

वेरूळकडे निघताना रस्ता दिल्ली दरवाजाच्या कमानीतून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते, सुट्टीच्या दिवशी दुपारी हमखास कोंडी होते. समोरून बस शिरली असेल तर कमानीच्या अलीकडेच थांबा, आत नाक घातलंत तर दोन्ही बाजू अडकतात. पुढे खुलताबादचा घाट आहे. परतताना तो दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

पावसाळ्याच्या शेवटी रस्त्याकडेला सीताफळं विकायला बसतात. खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या पिवळ्या दिसत असतील आणि फळ अजून कडक असेल, तर ते प्रवासात घरापर्यंत टिकतं. मऊ लागणारं तिथेच, गाडीत बसायच्या आधी संपवायचं.