आयकॉन हाताला पाठ व्हावेत म्हणून कॉम्प्युटर असा मांडा

आमचे बाबा रात्रीच्या लाईनला वावरात जातात, टॉर्च नसला तरी धुऱ्यावरून बोरीपाशी वळतात अन् हात बरोबर मोटारीच्या स्टार्टरवर पडतो, काऊन की पेटी इतकी वर्षं तिथंच आहे. स्क्रीनचंही तसंच असतं, वस्तू जागची हलली नाही की वाचायच्या आधीच हात तिथं जातो. गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, परवा भाच्यानं अक्षर मोठं दिसावं म्हणून रेझोल्युशन बदललं अन् सगळे आयकॉन सरकले, मग दिवसभर मी पीक विम्याच्या फोल्डरच्या जुन्या जागी क्लिक करतोय अन् उघडतंय भलतंच, बाहेर माणसं खोळंबलेली.

म्हणून रेझोल्युशन अन् स्केल (म्हणजे स्क्रीनवर अक्षर-चित्रं किती मोठी दिसावीत ते) पहिल्यांदा पक्कं करा, मांडणी त्यानंतर. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, ऑटो अरेंज आयकॉन्सची टिक काढा. सॉर्ट बाय ला हात लावू नका, नाहीतर आयकॉन पुन्हा सरकतात.

आता मांडायचं कसं? स्वतःच्या हातानं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी डेटा माउंटन म्हणून प्रयोग केला होता, स्क्रीनवर उतारासारखं चित्र अन् त्यावर लोकांनी १०० वेबपेजेस आपापल्या मर्जीनं ठेवायची, तर ब्राउझरमधल्या नेहमीच्या फेवरेट्सच्या यादीपेक्षा ती त्यांना लवकर सापडली. दुसऱ्यानं लावून दिलेलं तेवढं लक्षात राहत नाही असं मला तरी दिसतं, सेंटरवरच्या पोट्ट्याला म्हणूनच मी त्याचं वेगळं लॉगिन दिलं.

वॉलपेपर साधा निळा नको, झाड नसलेल्या माळरानावर खूण कशाची धरणार? मी आमच्या वावराचाच फोटो लावलाय, सातबाऱ्याचं फोल्डर विहिरीवर, विम्याचं बोरीखाली, अन् आठ महिने झाले एकदाही शोधावं लागलं नाही, ते परवाचं सोडून. बदलत राहणारा स्लाइडशो मात्र बंदच ठेवा.

विंडोज ११ मध्ये टास्कबारचे, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरचे, आयकॉन मधोमध असतात, नवीन काही उघडलं की बाकीचे सरकतात. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्समध्ये जाऊन अलाइनमेंट लेफ्ट करा. रोजचे चार प्रोग्राम तिथं पिन करा, विंडोज बटण धरून १ दाबलं की पहिला उघडतो, २ ला दुसरा.

अन् सगळं जमलं की मोबाईलनं स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवा, उद्या फॉरमॅट मारावं लागलं तर तो बघून सगळं जिथल्या तिथं लावता येतं.