चकलीची भाजणी ऑनलाइन विकताना

एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभराडाळ, पाव किलो उडीदडाळ, मूठभर धणे आणि दोन चमचे जिरे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगळं भाजा. डाळ लालसर झाली की पीठ चिकटून येत नाही, सोऱ्यातून पडतानाच चकली तुटते. गिरणीत आपल्या आधी गहू दळला असेल तर थोडे तांदूळ फिरवून ते पीठ बाजूला काढा.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो घाईत. गरम पीठ पिशवीत भरलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि कुबट वास येतो. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. सील केलेली पिशवी तळहाताने दाबून बघा. हवा फुसकन सुटली तर सील कच्चं आहे.

विक्रीआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी हवीच. तिचा 14 अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, बॅच क्रमांक, पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह लेबलवर छापा.

खोका मात्र नेमका घ्या. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार 5000 ने भागतात आणि येईल तितके किलो वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. 30×20×15 च्या खोक्याचं वजन 1.8 किलो धरलं जातं, आत अर्धा किलोच भाजणी असली तरी! किंमत ठरवण्याआधी हा खर्च धरा.