पहिला विंडसर्फिंग बोर्ड घेताय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

गोव्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. मूळचा मी शिरोड्याचा, सिंधुदुर्गातला. होड्यांच्या जोडीनं विंडसर्फिंगचे बोर्डही माझ्याकडे येतात: नाक फुटलेले, पाणी प्यालेले, फिनच्या, म्हणजे मागच्या टोकाखाली बसणाऱ्या पात्याच्या, खाचेशी तडकलेले. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांत मुळात काही खोट नसते. घेणाऱ्याला पेलणारे ते नसतात, एवढंच.

नारळी पौर्णिमा उलटली की फोन सुरू होतात. पुण्याहून, मुंबईहून, कधी बेळगावहून. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी विचारतो, "तुझं वजन किती? आणि चालवणार कुठल्या पाण्यात?" ही दोन उत्तरं नीट मिळाली की कंपनीचं नाव मागे पडतं.

वजनापासूनच सुरू करतो. प्रत्येक बोर्डावर लिटरमध्ये एक आकडा छापलेला असतो. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो तरंगतं, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. तुम्ही 70 किलोचे धरा. शीड, डोलकाठी, बूम (शीड हातात धरायचा आडवा दांडा) मिळून आठ-दहा किलो, बोर्ड स्वतः बारा-पंधरा. एकूण झाले 95 च्या आसपास. म्हणजे 95 लिटरचा बोर्ड तुम्हाला पाण्याच्या पातळीला कसाबसा धरून ठेवील; त्यावर उभं राहून शीड उचलणं दूरच. शिकणाऱ्यानं आपल्या वजनात सरळ 100 मिळवावेत. 70 किलोच्या माणसाला 170 लिटर किंवा अधिक, 90 किलोच्या माणसाला 190-200. चाळीस किलोच्या मुलाला 140 पुरतात. दुकानदार म्हणेल, "लवकरच लहान वाटेल, आत्ताच 120 चा घ्या." ऐकू नका. लहान बोर्डावर माणूस सगळा वेळ पाण्यात पडतो आणि परत चढतो, त्यात दम जातो आणि शिकायला काही उरत नाही.

लिटरइतकीच रुंदी महत्त्वाची. ऐंशीच्या दशकातले जुने लांब बोर्ड अजून कुठे कुठे क्लबांच्या शेडमध्ये दिसतात. साडेतीन मीटरपेक्षा लांब, लिटरही भरपूर, पण रुंदी 65 सेंटीमीटरच्या आसपास. सरळ छान धावतात, मात्र नवख्याच्या पायाखाली आडवे लोळतात. आजच्या शिकाऊ बोर्डाची रुंदी 75 ते 90 सेंटीमीटर असते आणि लांबी अडीच ते तीन मीटर. माझं मत विचाराल तर 80 च्या फार खाली जाऊ नका. वर मऊ फोमचा थर असलेला घ्या, म्हणजे गुडघे सोलवटत नाहीत आणि डोलकाठी आपटली तरी बोर्ड वाचतो.

तिसरी गोष्ट डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डाच्या मधोमध खाली उतरणारं पातं. ते का लागतं हे कळलं की निम्मं विंडसर्फिंग कळतं. वारा शिडाला पुढेही ओढतो आणि आडवाही ढकलतो. वेग असला की मागची फिन हा आडवा रेटा अडवते, पण हळू चालताना फिनला पाणी धरता येत नाही. मग बोर्ड पुढे जातो त्याहून जास्त बाजूला सरकतो, आणि करंजाळ्याच्या किनाऱ्यावर उतरलेला माणूस पलीकडच्या मिरामारला लागून बोर्ड डोक्यावर घेत चालत येतो. डॅगरबोर्ड असला की मंद वाऱ्यातही वाऱ्याच्या दिशेनं वर चढता येतं. आपल्याकडचा वारा बहुतेक दिवस आठ ते बारा नॉटचा. (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) अशा पाण्यासाठी डॅगरबोर्ड असलेला बोर्ड शिकून झाल्यावरही कामाचा राहतो. भोपाळच्या ईबाद अलीनं 2023 च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो बोर्डसुद्धा 286 सेंटीमीटर लांब, 93 रुंद आणि डॅगरबोर्डवाला. मोठा बोर्ड म्हणजे बाळबोध, असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

पॅरिस ऑलिंपिकपासून मुलं फॉइलचं विचारतात. आयक्यूफॉइल या तिथल्या प्रकारातला बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो, दिसायला विलक्षण असतो, आणि मला स्वतःला त्याचं फार कौतुक आहे. पण त्याच्याखाली लांब दांडी आणि धारदार पंख असतात. पडलात तर लागतं, आणि नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवर ते आदळतं. आधी साध्या फिनवर जाऊन-येऊन करायला शिका.

ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांसाठी हवा भरायचे बोर्डही मिळतात, डोलकाठी बसवायची सोय असलेले. वारा मंद असेल तर चांगले चालतात. घेताना मधोमध दुसरी फिन लावता येते की नाही, एवढं नक्की बघा.

शीड मात्र लहान घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आठ नॉटला हलकं वाटणारं शीड सोळा नॉटला हातातून निसटतं. 70 किलोच्या माणसाला शिकताना साडेचार-पाच चौरस मीटर पुष्कळ. पंचावन्न किलोच्या मुलीला साडेतीन ते चार. डोलकाठी शिडाला जुळणारी हवी. शिडाच्या खालच्या कोपऱ्यावर डोलकाठीची आणि बूमची लांबी छापलेली असते. ती वाचल्याशिवाय वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळे तुकडे गोळा करू नका, ते एकमेकांत बसत नाहीत. डोलकाठ्या बारीक आणि जाड अशा दोन व्यासांच्या येतात, बूमचं तोंडही त्याप्रमाणे लागतं.

आता वारा, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण बोर्ड चुकला तर पैसे जातात, वारा चुकला तर जीव जाऊ शकतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. त्या वेळी काठाजवळ पाणी अगदी सपाट दिसतं, लाट नाही, ऊन कोवळं. नवख्याला वाटतं, हीच शिकायची वेळ. पण तो वारा तुम्हाला बाहेर नेतो, आणि किनाऱ्यापासून जितकं दूर जाल तितका त्याचा जोर वाढतो, कारण तिथे माडांचा आणि घरांचा आडोसा संपलेला असतो. मदतीची बोट नसेल तर मतलईवर उतरूच नका. दुपारी जमीन तापली की वारा फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर तो तिरका आत येतो. चुकलात तरी काठालाच लागता. शिकायचं ते याच वाऱ्यावर, सुरुवातीच्या तास-दीड तासात. पाण्यावर पांढरे फेस जागोजागी दिसायला लागले की वारा दहा-बारा नॉटच्या पुढे गेला असं समजा आणि नवख्यानं बाहेर या. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम, त्यातही फेब्रुवारीनंतर दुपारचा वारा भरवशाचा होतो. पावसाळ्यात समुद्रावर नाव काढायचं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते.

वाऱ्यासोबत भरती-ओहोटीही बघा. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी जोरानं बाहेर ओढतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर फारच. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी सौम्य असतं; पहिले धडे तेव्हा घ्यावेत. होड्यांच्या मार्गात जाऊ नका. किनाऱ्यावर रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर तिच्या बोयांपासून लांब राहा. फिन जाळ्यात अडकली तर तुमचंही नुकसान आणि रापणकारांचंही, आणि त्यांची ती रोजी आहे. पायात रबरी बूट घाला, खडकावरची कालवं तळवे फाडतात. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीत काटा असलेला मासा) आधीच निघून जातं. लाइफ जॅकेट तुम्हाला कितीही पोहता येत असलं तरी घालायचंच.

शिकायला शिक्षक हवाच. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, भोपाळच्या मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे. आधी तिथे किंवा एखाद्या क्लबात त्यांच्या बोर्डांवर शिका, वेगवेगळ्या रुंदीचे बोर्ड पायाखाली घेऊन बघा, आणि मगच स्वतःचा घ्या.

पहिल्या दिवशी काय करायचं ते सांगतो. कमरेइतक्या पाण्यात बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवा, वारा पाठीवर घ्या, शीड समोर पाण्यात पडलेलं असू दे. डोलकाठीच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभे राहा. शीड उचलायची दोरी धरा, गुडघे वाकवा, पाठ ताठ, आणि पायांच्या जोरावर मागे रेला. शिडावरचं पाणी ओघळून जाईपर्यंत थांबा. तोवर हिसडे दिलेत तर फक्त कंबर धरते. शीड वर आलं की दोन्ही हातांनी डोलकाठी धरून ते मोकळं फडफडू द्या आणि श्वास घ्या. मग पुढच्या हातानं बूम धरून डोलकाठी अंगासमोरून पुढे आणा. ती एका जागी आपोआप हलकी होते. तिथे मागचा हात बूमवर ठेवून हळूच आत ओढा. चाललात! जोर जास्त वाटला तर मागचा हात सैल सोडा. बूम छाती आणि खांदा यांच्या मध्ये बांधलेली असावी.

बोर्डाला सुकाणू नसतं. डोलकाठी पुढे झुकवली की नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे झुकवली की वाऱ्याकडे. सरळ वाऱ्याच्या तोंडावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांत कुणालाच जाता येत नाही, तिथे नागमोडीच चढावं लागतं. सुरुवातीला दहा-वीस मीटर जा, वळा, निघालात त्याच जागी परत या. लांब जाण्याची घाई नको. थकलात किंवा काही तुटलं तर शीड मागच्या बाजूला बोर्डावर घेऊन पोटावर झोपा आणि हातांनी वल्हवत या. तेही जमत नसेल तर बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूंनी सावकाश वर-खाली करा, ही मदतीची खूण आहे. बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही, कधीही नाही.

आपल्याकडे बहुतेकांचा पहिला बोर्ड जुना असतो, आणि ते चांगलंच आहे. क्लबातून निघालेला टेक्नो 293 (205 लिटर, 79 सेंटीमीटर रुंद, डॅगरबोर्डसह) मिळाला तर जरूर बघा. बघताना मी काय करतो ते सांगतो. बोर्ड उन्हात घ्या. जिथे टाचा टेकतात तिथे अंगठ्यानं जोरात दाबा. दबला तर वरची साल गाभ्यापासून सुटलेली आहे. मग नाण्यानं सगळीकडे वाजवा. निरोगी जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी भद्द. बोर्डावर आतली हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तो उघडून बघा. आत ओल किंवा कुबट वास असला तर पाणी शिरलेलं आहे. वजन करा. कंपनीनं दिलेल्या वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरला तर तो बोर्ड मी फुकटही घेणार नाही. फिन बसवून हलवा आणि खाचेच्या कडेला बॅटरी मारून केसासारखी चीर शोधा. डॅगरबोर्ड पायानं खाली-वर करून बघा, वाळूनं अडकत असेल तर साफ करता येतो, पण पेटी फुटलेली असेल तर खर्च मोठा. नाकावरचा रंग वेगळा दिसला तर तिथे आधी दुरुस्ती झालीय. ती कशानं केली, हे विचारा.

हे विचारायचं कारण असं. बोर्डाचा गाभा थर्माकोलच्या जातीचा असतो. होडीच्या कामाला सगळीकडे पॉलिएस्टर रेझिन वापरतात, आणि त्यातलं स्टायरीन हा गाभा विरघळवून टाकतं. वरून तुकतुकीत दिसतं, आत पोकळी. बोर्डाला इपॉक्सीच लागतं. कुठल्याही होडीवाल्याकडे बोर्ड देण्याआधी डब्यावरचं नाव स्वतः वाचा. पाण्यात असताना भोक पडलं तर लगेच बाहेर या, भोक खाली करून पाणी निथळू द्या, पूर्ण वाळेपर्यंत वर काही चोपडू नका.

शिडाची पारदर्शक फिल्म उन्हाकडे धरा. धुरकट झाली असेल किंवा वाकवल्यावर कुरकुरत असेल तर उन्हानं मेलेली आहे, पहिल्याच पडण्यात फाटेल. स्वतःचं शीडही वाळूवर उन्हात पसरून ठेवू नका, गुंडाळून सावलीत ठेवा. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं सगळं धुवा, डोलकाठीचे दोन तुकडे त्याच दिवशी वेगळे करा, नाहीतर मीठ आणि वाळू धरून ते असे जाम होतात की दोघांनी ओढूनही सुटत नाहीत. बोर्ड गाडीवरून घाटानं किंवा विमानानं नेताना हवेचा स्क्रू सैल करा आणि पाण्यात उतरण्याआधी आठवणीनं घट्ट करा.

दुसरा बोर्ड कधी घ्यायचा? दोन्ही बाजूंनी न पडता वळता यायला लागलं, हार्नेस (शिडाचा ओढा अंगावर घेणारा कमरेचा पट्टा) वापरून पंधरा नॉटला मजा वाटायला लागली, आणि खोल पाण्यात वाऱ्याच्या जोरावरच उठून उभं राहता आलं, की 120-130 लिटरचा बघायला हरकत नाही. तेव्हा पहिला बोर्ड माळ्यावर टाकू नका. एखाद्या क्लबाला द्या किंवा नवीन मुलाला विका, आणि विकताना त्याचं वजन विचारा.