सहयोगी प्राध्यापक व्हायचंय? मग दोन रिसर्च पेपरचं आताच बघा

आमच्या मेडिकल कॉलेजच्या विभागात कुणी नवीन सहायक प्राध्यापक रुजू झालं की मी आधी विचारते, "तुमची चार वर्षं कधी भरतात?" ती तारीख लिहा आणि तिथून उलटे मोजत या. एथिक्स कमिटीची (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरी, डेटा, लिखाण, रिव्ह्यूअरच्या शंका, छापून येणं या सगळ्यात दोन वर्षं सहज जातात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकासाठी सहायक म्हणून चार वर्षांचा अनुभव आणि दोन पेपर होते. प्राध्यापकासाठी सहयोगी म्हणून तीन वर्षं आणि एकूण चार पेपर लागत, त्यांतले किमान दोन सहयोगी असतानाचे. २०२५ मध्ये नवे नियम आले आहेत, त्यामुळे अर्ज भरताना लागू असलेलं राजपत्र स्वतः वाचा. ऑफिसातल्या क्लार्कच्या किंवा सिनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

मोजले जातात ते मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (हे दोन्ही आधी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारे) आणि केस सिरीज (सारख्या अनेक रुग्णांची नोंद). एकच केस रिपोर्ट कितीही दुर्मीळ असला तरी या हिशोबात नाही. संपादकाला लिहिलेलं पत्रही नाही.

आता नावांचा क्रम. तुम्ही पहिल्या तिघांत किंवा करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असायला हवं. चौथ्या नंबरवर राबलेला माणूस अर्जात शून्य. म्हणून प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहितानाच क्रम ठरवून कागदावर घ्या, सगळ्यांच्या सह्या घ्या. पीजीच्या थिसिसवरून पेपर करत असाल तर पहिलं नाव विद्यार्थ्याचं, दुसरं गाइडचं. काम त्याचं आहे, आणि तुमचंही यात काही बिघडत नाही. एचओडींचं नाव शिष्टाचार म्हणून टाकायची पद्धत मला पटत नाही. विश्लेषणात किंवा लिखाणात हात नसेल तर आभारांत लिहावं, तेही मनापासून.

जर्नलच्या बाबतीत फसगत सर्वांत जास्त. पेपर धरला जायचा तर जर्नल ठरावीक सूचींपैकी एखाद्या सूचीत असावं लागतं. मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस, डीओएजे (सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची सूची) ही या सूचींची नावं जर्नलच्या मुखपृष्ठावर छापलेली असली तरी विश्वास ठेवू नका. पबमेडमध्ये पेपर सापडला म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं नसतं. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका, सध्या मेडलाइनमध्ये आहे का ते तिथे लिहिलेलं असतं. स्कोपसची सोर्स लिस्ट फुकट बघता येते. तिथे कव्हरेज कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहा, कारण जर्नलं काढूनही टाकली जातात. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळवा, खऱ्या जर्नलच्या नावाने खोट्या वेबसाइट चालतात. पाठवताना एक आणि छापून आल्यावर एक, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून फाइलला लावा. "तीन दिवसांत स्वीकृती" असा ईमेल आला तर सरळ डिलीट. पैसे नसतील तर डीओएजेमध्ये शुल्क न घेणारी जर्नलं वेगळी काढून बघता येतात.

एथिक्स कमिटीची मंजुरी डेटा गोळा करण्याआधीचीच हवी, मागाहून मिळत नाही. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी.

बढतीसाठी बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स आणि मेडिकल एज्युकेशन टेक्नॉलॉजीचा कोर्सही लागतो. रिसर्चचा कोर्स ऑनलाइन आहे, पहिल्याच वर्षी उरकून टाका. पेपर लिहायला बसाल तेव्हा त्यातलं निम्मं आयतं उपयोगी पडेल.