स्मृतीवरील अमूर्त चित्रे आणि पहिले एकल प्रदर्शन

पहिल्या एकल प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या नवोदित चित्रकारांकडे चित्रे पुरेशी असतात, परंतु त्यांना जोडणारा धागा बहुधा सापडलेला नसतो. समूह प्रदर्शनात दोन-तीन चांगली चित्रे लावून भागते. एकल प्रदर्शनात मात्र दालनातील प्रत्येक भिंत एकाच विषयाचा पाठपुरावा करते आणि विषय कच्चा असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या चित्रापाशीच उघडा पडतो. स्मृती या विषयावरील माझ्या अमूर्त चित्रांचे प्रदर्शन नाशिकमध्ये झाले. त्या कामातून जे हाती आले, ते या वाटेने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

‘स्मृती’ हा विषय कॅनव्हाससमोर उभे राहण्यासाठी फार मोठा आहे, म्हणून सुरुवात एखाद्या नेमक्या, पाहिलेल्या वस्तूपासून करावी. सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांतील बिंदूचे मूळ त्यांच्या गावाकडच्या शाळेत आहे. मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका पुढे त्यांच्या चित्रविश्वाचा केंद्रबिंदू झाला. मला असा आधार जुन्या नाशिकमधील रहाडींनी दिला. पेशवेकाळापासून चालत आलेले हे दगडी हौद रंगपंचमीला उघडतात आणि एरवी वर्षभर फळ्या व मातीखाली झाकलेले असतात. त्यांच्यावरून रोजची रहदारी चालू असते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि शनी चौकातील रहाडीचा गुलाबी माझ्या लहानपणापासून डोळ्यांत आहे. झाकलेला, तरीही खाली जागचा न हललेला तो रंग हाच माझ्या चित्रमालिकेचा विषय झाला आणि त्यातूनच तंत्रही ठरले.

प्रथम पातळ ॲक्रिलिकमध्ये (पाण्यात मिसळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या रंगात) गुलाबीचे अनेक थर दिले आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू दिला. त्यावर राखी, मातकट आणि दगडी काळ्या रंगाचे थर रोलरने चढवले. सर्व थर पक्के झाल्यावर पृष्ठभाग ओला करून वॉटर पेपरने, म्हणजे ओल्याने वापरायच्या बारीक सँडपेपरने, हलक्या हाताने घासला. कॅनव्हासच्या विणीची जी टोके किंचित वर असतात तेथे आधी गुलाबी कण दिसू लागतात, पॅलेट नाइफचा (रंग लावण्याच्या बोथट सुरीचा) जुना ओरखडा असेल तेथे एक बारीक रेघ उमटते, आणि चौकटीच्या कडेवर दाब जास्त पडत असल्याने तेथे रंग सलग उघडतो. घासण्याचे हे काम ओल्यानेच आणि तोंडाला मास्क लावूनच करावे, कारण रंगाची कोरडी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. उघडलेला रंग कमी वाटला तरी वरून ब्रशने गुलाबी लावण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. वरून लावलेला रंग सजावट ठरतो. खालून आलेल्या रंगाला दडपले गेल्याचा इतिहास असतो, आणि स्मृतीवरील चित्रात तो इतिहासच पाहायचा असतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफच्या साहाय्याने थरांवर केलेले काम शक्य होईल तेव्हा प्रत्यक्ष पाहावे. ते वर्षाकाठी फार थोडी चित्रे पूर्ण करीत. छापील चित्रांत थरांची खोली कळत नाही.

चित्रांची निवड आणि मांडणी हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो. दालनाचा मोजमापांसह नकाशा आधीच मिळवून प्रत्येक चित्राचा छोटा कागदी तुकडा त्याच प्रमाणात कापावा व नकाशावर फिरवून पाहावा. सर्वसाधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 ते 152 सेंटिमीटर उंचीवर ठेवतात. माझ्या चित्रांतील एक गट गोदावरीच्या पुरावर होता. पाणी गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. त्या सवयीवरून प्रत्येक चित्रात एक आडवी सीमारेषा घेतली होती आणि ती चित्रागणिक वर सरकत होती. सर्व चित्रांचे मध्य एकाच उंचीवर ठेवल्यामुळेच भिंतीवरून चालताना ती रेषा चढत गेलेली जाणवली. यासाठी चांगली असलेली काही चित्रे मला घरी ठेवावी लागली, आणि तो निर्णय योग्यच होता.

चित्रांसोबतचे निवेदन एका पानाहून मोठे नसावे. त्यात साहित्य, पद्धत आणि कामाची सुरुवात कोठून झाली एवढे असावे. चित्राचा अर्थ सांगू नये. नाशिकला निसर्गचित्रणाची थोर परंपरा आहे आणि शिवाजी तुपे यांच्या चित्रांतून इथल्या लोकांनी घाट, पाणी आणि ऊन बारकाईने पाहिलेले आहे. अशा प्रेक्षकाला अमूर्त कळणार नाही असे गृहीत धरणे हा त्याच्यावर अन्याय आहे. एका वयस्कर बाईंनी चित्राजवळ जाऊन, ‘आमच्या वाड्याची भिंत पोपडे निघाल्यावर अशीच दिसायची, आत जुना रंग असायचा,’ असे सांगितले. दालनात रोज स्वतः उपस्थित राहावे ते अशा बोलण्यासाठी. ‘हे काय काढले आहे?’ या प्रश्नालाही चित्र कसे घडले ते सांगून उत्तर द्यावे.

वाहतुकीत ॲक्रिलिक चित्रांची विशेष काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात टेम्पो तापला की रंगाचा थर मऊ पडतो आणि थेट गुंडाळलेल्या बबल रॅपचे ठसे त्यावर कायमचे उमटतात. म्हणून आधी ग्लासाइन हा गुळगुळीत, पातळ कागद आणि मगच बबल रॅप घ्यावा. दालनाचे भाडे, विक्रीवरील कमिशन, दिव्यांची सोय आणि चित्रे उतरविण्याची वेळ या बाबी लेखी घ्याव्यात.

किंमत आकार व साहित्य पाहून आधीच ठरवावी आणि ती माणूस पाहून बदलू नये. चित्र विकले तरी कॉपीराइट सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो. मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर तो हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. तेव्हा प्रदर्शन पाहून कोणी ‘असेच एक आमच्या दिवाणखान्यासाठी काढून द्या’ म्हणाले, तर कामाला हात लावण्यापूर्वी तेवढा एक मुद्दा कागदावर आणावा, आणि चित्र घराबाहेर पडण्यापूर्वी त्याचे चांगल्या प्रकाशातील छायाचित्र, मोजमाप व खरेदीदाराची नोंद आपल्या वहीत करून ठेवावी.