रिस्टोअर केलेली डॅटसन २४०झेड घेताय? या चुका टाळा

ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये निसान फेअरलेडी झेड या नावाने सादर झालेली आणि १९७० पासून अमेरिकेत डॅटसन २४०झेड म्हणून ३,५२६ डॉलरना विकली गेलेली ही दोन आसनी गाडी आता संग्राहकांच्या बाजारात मानाने मिरवते. जानेवारी २०२० मध्ये अतिशय कमी चाललेली, मूळ अवस्थेतील एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरना गेली आणि तेव्हापासून ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ (म्हणजे दुरुस्त करून पूर्वीच्या रूपात आणलेली) अशी जाहिरात करणारे विक्रेते त्या आकड्याचा दाखला देऊ लागले. पहिली चूक इथेच होते. त्या लिलावात मोल मिळाले ते न बदललेल्या गाडीला. नव्याने रंगवलेल्या गाडीला तो भाव लावण्याचे कारण नाही. रिस्टोअर केलेल्या गाडीची किंमत तिच्यावर कोणते काम, कोणाकडून आणि कशा पद्धतीने झाले यावर ठरते. म्हणून रंग देण्यापूर्वीच्या उघड्या पत्र्याची छायाचित्रे आणि सुट्या भागांची बिले मागावीत. ती नसतील तर किंमत त्या मानाने खाली आली पाहिजे.

चकाकीला भुलणे

या गाडीचे इंजिन दणकट आहे आणि त्याचे भाग आजही मिळतात. पत्र्याचे तसे नाही. त्या काळात गंजरोधक प्रक्रिया जेमतेम होत असे, आणि वेगळी चासी नसल्यामुळे बराचसा भार तळाचा पत्रा आणि त्याखालील दोन लांब रेल यांवर येतो. तरीही ग्राहक तासभर इंजिनाचा आवाज ऐकतो आणि गाडीखाली पाच मिनिटेही झोपून पाहत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. न्यू जर्सी किंवा शिकागो परिसरात राहणाऱ्या मराठी हौशींनी तर अधिकच सावध राहावे, कारण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ पत्र्याला आतून खाते. कॅलिफोर्नियात आयुष्य काढलेली गाडी थोडी महाग पडली तरी बहुधा परवडते.

तपासणीची सुरुवात बॅटरीखालून करावी. इंजिनाच्या कप्प्यात मागच्या कोपऱ्यात बसवलेल्या बॅटरीतून वर्षानुवर्षे झिरपलेले आम्ल आधी तिचा ट्रे, मग मागची भिंत आणि शेवटी खालची रेल पोखरते. रिस्टोअर करणारा ट्रे नवा बसवतो, कारण बॉनेट उघडताच तो दिसतो. खालची रेल मात्र अनेकदा काळ्या, जाड अंडरकोटखाली (गाडीच्या तळाला दिलेल्या लेपाखाली) तशीच राहते. ताजा अंडरकोट दिसला की तो गुण न मानता शंकेचे कारण मानावे. त्यानंतर पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मागच्या चाकांच्या पुढच्या कोपऱ्यावर, पुढच्या मडगार्डच्या तळाशी आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवावे. जिथे पुट्टी जाड भरलेली असते तिथे ते पकड सोडते. समोरच्या काचेखालील जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. ते पुढच्या मडगार्डच्या मागून खाली पडले तर ठीक. बसणाऱ्याच्या पायाशी आले तर काचेखालचा, वेल्डिंगने जोडलेला पत्रा काढावा लागणार हे नक्की. शेवटी गाडी जॅकवर उचलून दाराची फट पाहावी. उचलल्यावर ती बदलत असेल किंवा दार घासत असेल, तर सांगाड्यातला जोर गेलेला आहे.

क्रमांक न जुळवणे

डावीकडे स्टिअरिंग असलेल्या २४०झेडचा चासी क्रमांक ‘एचएलएस३०’ने सुरू होतो आणि बॉनेटखालच्या पट्टीवर त्याच्यासोबत इंजिन क्रमांकही असतो. तो ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. ब्लॉकवर मूळ इंजिनाच्या एल२४ या खुणेऐवजी एल२८ दिसले तर नंतरच्या २८०झेडचे वा तत्सम गाडीचे इंजिन बसवलेले आहे. चालवायला ते उलट बरेच, पण अशा गाडीला मूळ इंजिनाच्या गाडीचा भाव देऊ नये.

घेतल्यानंतरच्या तक्रारी आणि चुकीचे इलाज

सर्वात सामान्य तक्रार म्हणजे धुराचा वास. मालक सायलेन्सर बदलतो आणि वास तसाच राहतो, कारण उतरत्या पाठीमागे निर्माण होणारा कमी दाब धूर मागच्या दाराच्या फटीतून आत ओढतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे; पट्टी सहज सरकली तर रबर बदलावे. मागच्या दिव्यांची गॅस्केटेही त्याच वेळी पाहावीत. वास पेट्रोलचा असेल तर मागच्या आतील प्लॅस्टिक पॅनेलआड लपलेली पेट्रोलच्या बाष्पाची टाकी आणि तिच्या नळ्या तपासाव्यात. पॅनेल काढायचा कंटाळा म्हणून रिस्टोअर करणारे बहुतेक जण त्या बदलतच नाहीत.

गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू केल्यावर ते अडखळत असेल तर लगेच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) उघडू नयेत. या इंजिनात आत येणारी हवा आणि बाहेर जाणारा धूर एकाच बाजूला असल्याने कार्ब्युरेटरच्या खालीच धूर बाहेर नेणारा तापलेला मॅनिफोल्ड असतो आणि पेट्रोल उकळू लागते. १९७३ च्या गाड्यांवरील सपाट माथ्याच्या कार्ब्युरेटरमध्ये हा त्रास अधिक, म्हणून अनेकांनी जुन्या गोल माथ्याचे कार्ब्युरेटर बसवलेले आढळतात. उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का आणि पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी मोकळी आहे का, हे आधी पाहावे. जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला तर वेगळीच आफत ओढवते, कारण कार्ब्युरेटर ओसंडतो.

गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे इंजिन मधूनमधून झटके देत असेल, तर क्रम पाळावा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हमधील अंतर), मग ठिणगीचे पॉइंट आणि टायमिंग, सर्वात शेवटी कार्ब्युरेटर. गरम इंजिनावर हवा घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हचे अंतर ०.२५ आणि धूर सोडणाऱ्या एक्झॉस्टचे ०.३० मिलिमीटर हवे. स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या असतील तर सिलिंडर पेटण्याचा १-५-३-६-२-४ हा क्रम पुन्हा जुळवावा. नव्याने जोडलेल्या इंजिनात दोन वायरींची अदलाबदल ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

क्लच सोडताना मागून ठोका आला की पुष्कळ जण डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) उतरवतात, तेव्हा आधी त्याच्या पुढच्या आधाराचे रबर फाटले आहे का ते पाहावे. दिव्यांच्या बाबतीत मात्र दिरंगाई करू नये. हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि फ्यूजबॉक्सही जुना असतो, म्हणून पंधरा मिनिटे दिवे चालू ठेवून त्याचे झाकण हाताने चाचपावे. ते तापले असेल तर मोठा फ्यूज टाकणे म्हणजे वायरिंग जाळण्याची सोय करणे होय; संपर्कबिंदू साफ करून हेडलाइटसाठी स्वतंत्र रिले (प्रवाह थेट दिव्यांना देणारे स्विच) बसवून घ्यावेत, आणि ते होईपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नये.